अनू, ती काजळी कशी धरलीस?

अनू,

आधी भांडण. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सवे, आधी चहा पी, मग भांड." आता ते म्हणणारं कुणी नाही. तुझ्या शेडमधल्या स्टुलावर मी बसले आहे, समोर काजळी कालवून सकाळी वाळवलेली पट्टी आहे, आणि मल्टिमीटर मागच्या रविवारी जे सांगत होता तेच आजही सांगतो आहे. वीज नीट जात नाही. तुझ्या हातच्या शेवटच्या काजळीतून ती कशी बिनबोभाट गेली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या वेळी तू काय केलं होतंस ते सांगितलं नाहीस आणि निघून गेलीस. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मला ते जमत नाही.

भेटायला येणारे विचारतात, "तुमची कोण?" मी "भावजय" म्हणते आणि ते मान हलवतात. भावजय गेल्यावर नणंदेनं किती रडायचं याचं त्यांच्याकडे एक माप असतं, आणि मी त्याच्या बाहेर जायला लागले की ते माझ्या नवऱ्याकडे बघतात. त्यांना काय सांगू? परभणीत एम.एस्सी.ला आपण एका बाकावर होतो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, मी तुला आमच्या ताडकळसच्या शेतात जेवायला आणलं. तू भज्जी आणि आंबिलीवर ताव मारत होतीस आणि दादा तुझ्याकडे बघत होता. मैत्रीण म्हणून आणलेली बाई वर्षभरात वहिनी होऊन बसली. मग घरात चार माणसांत "वहिनी, तुमी बसा की" आणि शेडचं दार लोटलं की "सरक ना गं भवाने". आईला हे सगळं ऐकू जायचं.

शेड म्हणजे पूर्वी कडबा ठेवायची जागा. तुला नोकरी लागली नाही, मला परभणीच्या ज्युनियर कॉलेजात लागली. तू हातपाय गाळून बसशील अशी मला भीती होती, तर तू दादाकडून कडबा हलवून घेतलास, दातांच्या कवळ्या करणाऱ्या एकानं काढून टाकलेली छोटी भट्टी मिळवलीस आणि दारावर खडूनं लिहिलंस: आत येताना पाय पुसा. पाय पुसून काय होणार होतं? तिथून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या नाकाचा शेंडा काळा असायचा.

सुरुवात माझ्या बाळंतपणात झाली, हे मी कुणालाही सांगते. आई माझ्या लेकासाठी काजळ धरत होती. करडईच्या तेलाचा दिवा, दोन्ही बाजूंना विटा, वर पालथी घातलेली पितळी ताटली. काजळी धरली, आई तूप आणायला आत गेली, आणि तू तेवढ्यात ताटलीवरची काजळी कागदावर खरवडून दोन नाण्यांच्या मध्ये दाबलीस आणि मल्टिमीटरची टोकं लावलीस. आई तुपाची वाटी घेऊन दारात उभी. "अगं माय, लेकराचं काजळ हाय ते! करंट कशाला लावायलीस त्याला?" तू वर बघितलंसही नाहीस. "आत्या, जायलाय बघा. थोडा, पण जायलाय." त्या दिवशी माझ्या लेकाच्या डोळ्यांत काजळ पडलं नाही.

दादाला आपण काय करतो ते कधी कळलं नाही. म्हणजे कळलं, पटलं नाही. तो विचारायचा, "ह्या काळ्यात किती वीज साठती?" तू म्हणायचीस, "काहीच न्हाई." "मग कशाला पायजे?" मग तू त्याला हुरड्याच्या ताटात समजावून सांगायचीस. बॅटरीत ज्या पुडीत वीज साठते, ती पूड स्वतः वीज वाहून न्यायला ढिली असते. दाणा दाण्याला लागून बसला तरी एकाकडून दुसऱ्याकडे काही पोचत नाही. म्हणून त्यात चिमूटभर कार्बन कालवायचा. कार्बनचे कण इतके बारीक की ते एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात, आणि त्या साखळ्यांवरून वीज आतल्या दाण्यापासून बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यापर्यंत येते. कार्बन कमी पडला तर वाट तुटते. जास्त झाला तर नुसती जागा अडवतो, कारण तो स्वतः काही साठवत नाही. सगळी गंमत त्या चिमटीत होती. बाजारात असा कार्बन मिळतो, बाहेरून येतो, चांगला असतो. तुला तो आपल्या करडईतून हवा होता. का, असं विचारलं की म्हणायचीस, "का न्हाई?" मला ते उत्तर तेव्हाही चिडवायचं, आताही चिडवतं.

तुझ्या शोकसभेत कॉलेजातले एक सर उठले आणि म्हणाले, अनुराधाताई कार्बनसारख्या होत्या, स्वतःसाठी काही साठवलं नाही, सगळ्यांना जोडत राहिल्या. लोकांनी मान डोलावली. मला उठून जावंसं वाटलं. तू कुणाला जोडत नव्हतीस. तू दोन जावांशी बोलत नव्हतीस, चुलत सासऱ्यांच्या तोंडावर त्यांना खोटारडे म्हणाली होतीस, आणि स्वतःसाठी साठवायचीस की! मिठाईत चांगली चमचम दिसली की डब्यात लपवून ठेवायचीस, मला सापडली तर अर्धी द्यायचीस, तीही मोठी उपकार केल्यासारखी. गेल्यावर माणसाला इतकं गुळगुळीत करून टाकतात की ओळखू येत नाही.

आपलं खरं भांडण घोटण्यावरून होतं आणि ते मिटलं नाही. बॅटरीची पूड, कार्बन आणि डिंकासारखा तो बाइंडर असं सगळं एकत्र कालवताना मला गाठ दिसली की राहवत नाही. मी घोटत राहायचे, श्रीखंडासारखं मऊ होईपर्यंत. तू हात धरायचीस. "बस कर. साखळ्या तोडायलीस तू." मी म्हणायचे, गुठळ्या राहिल्या तर पट्टीवर भेगा पडतील. तू म्हणायचीस, पडू दे, पुरणपोळी करायची न्हाई आपल्याला. कधी माझी पट्टी चांगली यायची, कधी तुझी. जिची यायची ती दुसरीला आठवडाभर जगू द्यायची नाही. अनू, आता मी कमी घोटते. तुझ्या पद्धतीनं घोटते, बघ, तू म्हणशील तिथं थांबते. तरी होत नाही. आता तू बरोबर होतीस की मी, हे सांगायला कुणी नाही आणि मला जिंकायचंही नाही.

तुझा तो नियम. तीनदा जमलं तरच लिहायचं. एकदा जमलेलं म्हणजे दैव, दोनदा जमलेलं म्हणजे योगायोग, तिसऱ्यांदा जमलं तर मग पेन काढायचं. कॉलेजात प्रयोगवही खोटी भरणारी सगळी पोरं आपण पाहिली होती, त्यांच्या रागातून तू हे उचललंस. मला तुझा हा नियम फार आवडायचा. मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगते. पण शेवटची काजळी एकदाच जमली होती, अनू. तुझ्या हाताला दुसऱ्यांदा करायला वेळच मिळाला नाही. म्हणून तिच्याबद्दल एक अक्षर कुठं नाही.

त्या रविवारी मी आले तेव्हा तू दारातच उभी होतीस. काळं तोंड, पांढरे दात. आईच्या लोणच्याच्या बरणीत ती पूड भरून ठेवली होतीस, आणि आई बरणीवरून तुझ्याशी दोन दिवस अबोला धरून होती. पट्टी तू आधीच केली होतीस. मी टोकं लावली आणि आकडा बघून पुन्हा लावली. मग मी तुला विचारलं, काय केलंस? तू हसलीस. "ओळख की. लय सोपं हाय. तुला रागच येईल इतकं सोपं." मी तेलाचं नाव घेतलं, वातीचं घेतलं, भट्टीचं घेतलं. तू नुसती मान हलवत होतीस. "पुढच्या रविवारी सांगते. तोवर झोप लागू देऊ नगं." आपण चिमूटभर पूड पुण्याच्या एका लॅबला पाठवली, त्यांच्याकडे खरी बॅटरी करून तपासतात म्हणून. आणि पुढच्या रविवारी तू तापानं फणफणलेली होतीस.

दवाखान्यात मी तुला विचारलं. विचारायला नको होतं असं सगळे म्हणतील, पण मी तुला बोलतं ठेवायला विचारलं, कारण तू डोळे मिटलेस की मला भीती वाटायची. "काय केलं होतंस गं, सांग की." तू म्हणालीस, "बरी झाल्यावर. फुकट न्हाई सांगायची." आणि ओठ वाकडे करून हसलीस. ताप उतरला, मग रक्तातलं काय काय उतरत गेलं, आणि डॉक्टर दादाला बाजूला घेऊन बोलायला लागले. चेष्टा करायची ती वेळ होती का? तुला वाटलं होतं आपल्याकडे खूप रविवार आहेत. मलाही तेच वाटलं होतं.

तू गेल्यावर माझं सुतक थोड्या दिवसांचं, मी सासरची. कॉलेजात परीक्षा चालू, मला परत जावं लागलं. तुझा मोबाइल दादानं माझ्याकडे दिला, त्याला तो वाजलेला सहन होत नव्हता. परभणीला वर्गावर पर्यवेक्षण करत होते तेव्हा त्यावर पुण्याचा मेल आला. अनुराधा मॅडम, अभिनंदन. तुमचा कार्बन आमच्या विकतच्या कार्बनच्या तोडीस तोड उतरला आहे. मोठा नमुना पाठवा, आम्ही तुमच्यासाठी तपासणीचं मशीन राखून ठेवतो आहोत. वर्गात पोरं पेपर लिहीत होती. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

आणि मी उत्तर लिहिलं, "धन्यवाद, लवकरच पाठवते." खाली तुझं नाव. ते टाइप करताना मला काही चुकतंय असं वाटलंच नाही. उलट त्या दोन ओळींपुरती तू होतीस. बरणी शेडमध्ये होती, शेडला कुलूप होतं, किल्ली घरात खुंटीला होती. तिथं कोण जाणार होतं?

दहाव्याला मी सकाळच्या बसनं निघाले. पूर्णेकडं जाणारी ती बस ताडकळसच्या अलीकडे पंक्चर झाली. मी पोचले तेव्हा दादा आणि पुरुषमंडळी नदीवरून यायची होती, आणि घर धुऊन झालं होतं. सुतक फिटतं त्या दिवशी आपल्याकडे भावकीतल्या बाया जमतात आणि घराचा कोपरान्‌कोपरा धुतात, हे तुलाही माहीत होतं, मलाही. गोधड्या, पाटा, वरवंटा, ताटंवाट्या, सगळं अंगणात येतं. माझ्या डोक्यात मात्र शेड घरात धरलीच नव्हती. बायांनी धरली होती. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून दार उघडलं, आत सगळं काळं बघितलं, आणि पदर खोचला. काजळी धरायच्या पितळी ताटल्या चिंचेनं घासून सोन्यासारख्या लखलखत होत्या. भट्टी आतून ओल्या फडक्यानं पुसली होती. तुझी बोटं उमटलेलं दिव्याचं बटन पांढरंस्वच्छ. आणि आईची बरणी धुऊन कट्ट्यावर पालथी घातलेली, तिच्या काठावरून अजून थेंब पडत होते.

आई म्हणाली, "सगळं काळं काळं व्हतं गं. तिचं मागं तसंच ऱ्हायलेलं बघवंना. धून काढलं म्या सोताच्या हातानं. बरणी कुणालाबी धरू दिली न्हाई." ती इतकी थकली होती आणि तिला इतकं बरं वाटत होतं. तुझ्यासाठी काहीतरी करायला मिळालं म्हणून.

मी मागं मोरीकडं गेले. पाणी केळीच्या आळ्यात जातं, तिथं सगळं काळं साचलं होतं. मी चमचा आणला आणि खरवडायला लागले. साडी चिखलात, हात कोपरापर्यंत काळे. बाया जमल्या. एक म्हणाली, "खुळी झाली का काय पोरगी?" दुसरी म्हणाली, "रडू द्या, रडू द्या तिला." मी रडत नव्हते, अनू, मी तुझा कार्बन गोळा करत होते. वाटीभर आला. त्यात माती होती, राख होती, साबण होता, चिंचेच्या शिरा होत्या. मला रसायनशास्त्र येतं, त्यातून काही निघणार नाही हे मला पहिल्या चमच्यालाच कळलं होतं. दादा नदीवरून आला, त्यानं मला काखेत धरून उठवलं. त्याला मी सांगितलं. तो मोरीकडं बघत म्हणाला, "आईला सांगू नगंस." आपण ठरवलं की सांगायचं नाही. आपण म्हणजे मी आणि दादा. बघ, तुला धरूनच बोलायची सवय आहे.

तेव्हापासून मी रविवारी येते आणि दिवा लावते. दादा म्हणाला, त्या आठवड्यात तेल संपलं होतं, ती दुसऱ्या घाण्यावर गेली होती. मी त्या घाण्यावरून तेल आणलं. झालं नाही. आई सहज बोलली, वातीला माझं जुनं पातळ फाडून नेलं होतं तिनं. मी पातळ फाडलं. झालं नाही. ताटली वर धरून बघितली, खाली धरून बघितली, पाण्यानं गार ठेवून बघितली, भट्टीत कोळशाच्या भुग्यात पुरून जास्त वेळ ठेवून बघितली. एकदा अडथळ्याचा आकडा जरा उतरला आणि मी तुला हाक मारली. मोठ्यानं. मग पुढच्या वेळी तोच पुन्हा चढला. लय सोपं हाय, म्हणाली होतीस. त्या सोप्याचा मला धाक बसला आहे. वर्गात फळ्यावर लिहिताना हात थांबतो, वाटतं हेच असेल, आणि ते नसतं. अनू, मी हुशार नव्हते गं. आपल्या दोघींत हुशार तू होतीस आणि मी नेटाची होते. नुसत्या नेटानं हे होत नाहीये.

आणि पुण्याला मी मेल करत राहिले. थोडा उशीर होतोय. तब्येत बरी नाही. पुढच्या आठवड्यात नक्की. सगळीकडे खाली तुझं नाव. तुझी तब्येत बरी नाही असं लिहिताना मला क्षणभर खरंच वाटायचं की तू बरी होशील. मला कळत होतं मी काय करते आहे. तरी मी ते थांबवलं नाही, कारण मी "त्या गेल्या" असं लिहिलं असतं तर ते तुझं मशीन दुसऱ्या कुणाला देतील, आणि मग जगात तुझी वाट बघणारं एकही ठिकाण उरणार नाही.

आज दुपारी तुझा फोन वाजला. आई माझ्यासाठी भाकरी घेऊन शेडमध्ये आली होती आणि दारातल्या पोत्यावर टेकली होती. लॅबमधला माणूस, आवाजानं तरणा, अदबीनं बोलणारा. "अनुराधा मॅडम का?" मी "हो, बोलतेय" म्हणाले. आईनं मान वर केली. तो म्हणाला, मॅडम, मशीन फार दिवस अडवून ठेवता येत नाही, नमुना कधी निघेल तेवढं सांगा. मी म्हणाले, निघतोच आहे. माझा आवाज चोरासारखा येत होता. आई उठली, माझ्यापाशी आली आणि हात पुढं केला. मी फोन दिला. का दिला, माहीत नाही. तिच्या तोंडाकडं बघून दिला.

आईनं फोन दोन्ही हातांनी धरला, ती तसाच धरते. "बाळा," ती म्हणाली, "अनुराधा गेली. तिची सासू बोलायलीय मी. अन् ते तुमी मागायलाव ना काळं, ते म्या धुतलं. मला म्हाईत नव्हतं, बरणीत काय हाय. म्या धुतलं." पलीकडून काही आलं असेल. ती ऐकत राहिली, "हां, हां बाळा" म्हणाली आणि फोन माझ्या हातात ठेवला. तोवर कट झाला होता. दादानं सांगितलं नव्हतं, त्यानं शपथ घेऊन सांगितलं. तिला कुणाकडून कळलं, कधी कळलं, आणि इतके रविवार भाकरी घेऊन ती कशासाठी येऊन बसत होती, हे मला अजून माहीत नाही.

ती पोत्यावर पुन्हा बसली. मी खोटं का बोलले, हे तिनं विचारलं नाही. समोरच्या पट्टीकडं बोट दाखवून एवढंच म्हणाली, "सवे, पुन्ना व्हईल का गं तसं?"

अनू, मी इतके आठवडे पुण्याच्या परक्या माणसांशी खोटं बोलते आहे. जमत आलंय म्हणून दादाशी बोलते, माझ्या नवऱ्याशी बोलते. आईला त्या वेळी फक्त "व्हईल" एवढं हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि मला ते म्हणता आलं नाही.